यंत्राच्या पोटांतील वांटणी

गेल्या पावसाळ्यांतील एक अनुभव सांगून मी आजच्या भाषणास प्रारंभ करतों. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यास असतो व लहान लहान माहितीपट जुळवून देण्याचा व्यवसाय करतो. चित्रण दुसरे कोणी करून आणतात. त्याची निवड, कापाकाप, रंगांची दुरुस्ती व ध्वनीची जुळणी हें याचें काम. एके रात्रीं दहाच्या सुमारास त्याचा दूरध्वनि आला. आवाज अगदीं पडलेला होता. म्हणाला, "मामा, आजीची डिस्क गेली!"

आजीची डिस्क म्हणजे काय हें आमच्या घराबाहेर कोणास कळणार नाहीं. आमच्या मातोश्रींस जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांत या मुलानें त्यांच्यापाशीं बसून, त्यांना पुनः पुनः म्हणावयास लावून, त्या साऱ्या ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या. पुढें मातोश्री गेल्या. आवाज तेवढा त्या एका डिस्कवर राहिला. आणि तीच डिस्क आतां यंत्रास दिसेनाशी झाली होती.

मीं खोदून विचारलें तेव्हां हकीकत बाहेर आली. एका मोठ्या कामाचे पैसे हातीं आले म्हणून त्यानें आपल्या संगणकासाठीं दोन अतिशय वेगवान अशा सांठवणीच्या पट्ट्या विकत आणल्या, मदरबोर्डावर मोकळ्या दिसल्या त्या जागीं बसविल्या, आणि यंत्र सुरू केलें. नव्या पट्ट्या दिसूं लागल्या. पण जुनी डिस्क नाहींशी झाली. शिवाय ग्राफिक्स कार्डाची माहिती काढून पाहतां, तें कालपर्यंत सोळा लेनवर चालत होतें तें आज आठ लेनवर चालत आहे, असें आढळलें. दुकानांत विचारलें तर उत्तर मिळालें, "डिस्क मेली असेल, दुसरी घ्या, आणि कार्डही एकदां दाखवून जा."

वास्तविक डिस्क मेली नव्हती आणि कार्डही बिघडलें नव्हतें. घरांत दोन नवीं माणसें रहावयास आलीं होतीं आणि त्यामुळें घरांतली वांटणी बदलली होती, एवढेंच. ही वांटणी कशी होते, तिच्यांत कोणाचें खरोखर किती नुकसान होतें, आणि पैसे खर्च करण्यापूर्वीं काय पाहावें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम वांटणी या शब्दाविषयींच दोन शब्द. एखादा जुना वाडा डोळ्यांपुढें आणा. दोघां भावांनीं तो वांटून घेतला. पुढें धाकटा भाऊ मुंबईस राहूं लागला, त्याच्या खोल्यांना कुलूप लागलें. तरी त्या खोल्या थोरल्यास वापरतां येत नाहींत. रिकाम्या असल्या तरी त्या धाकट्याच्या. ही झाली वांटणी. त्याच वाड्याच्या चौकांत एक नळ आहे. तो मात्र सामाईक. शेजारी गांवास गेला तर सारी धार आपली. पण सकाळीं दोन्ही घरांच्या बादल्या एकदम लागल्या कीं दोघांचीही धार बारीक होते. संगणकाच्या पोटांत या दोन्ही रीति एकाच वेळीं चालू असतात, आणि कोणती वस्तु कोणत्या रीतींत येते हें न ओळखल्यामुळेंच बहुतेक गोंधळ होतात. माझें आजचें सांगणें एका वाक्यांत सांगावयाचें तर तें असें कीं, खांचेच्या लांबीवर विसंबूं नका. ती खांच वांटणींतली आहे कीं सामाईकांतली, हें आधीं पाहा.

आतां यंत्राच्या आंत डोकावूं. मदरबोर्ड म्हणजे ती मोठी पाटी, जिच्यावर सर्व अवयव बसविलेले असतात. तिच्यावर मध्यभागीं प्रोसेसर, म्हणजे गणित करणारा मुख्य कारभारी. खालच्या बाजूस लांबट खांचा. त्यांपैकीं प्रोसेसरला जवळची जी लांब खांच, तिच्यांत ग्राफिक्स कार्ड बसतें. पडद्यावरील चित्र तयार करणें हें त्याचें मूळ काम. अलीकडे चित्रपटांची जुळणी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचीं गणितेंही त्याच्याकडे आलीं आहेत. याशिवाय मदरबोर्डावर एम.२ नांवाच्या छोट्या खांचा असतात. तींत बसणारी सांठवणीची पट्टी बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणजे बोटाहून फारशी मोठी नव्हे.

या सर्वांस प्रोसेसरशीं जोडणारे जे रस्ते, त्यांस लेन म्हणतात. एका लेनमध्यें जाण्याचा मार्ग वेगळा आणि येण्याचा वेगळा असतो. एखाद्या खांचेस एक, चार, आठ किंवा सोळा लेन दिलेल्या असतात. जितक्या लेन अधिक, तितका एका सेकंदांत अधिक माल जाऊं शकतो; या क्षमतेस इंग्रजींत बँडविड्थ म्हणतात, आपण तिला वहनशक्ति म्हणूं.

ही व्यवस्था मुळापासून अशी नव्हती. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीचा घरगुती संगणक निघाला, तेव्हां त्यांतील सर्व कार्डें एकाच सामाईक रस्त्यावर बसत. १९९२ मध्यें पी.सी.आय. नांवाची सुधारलेली पद्धति आली. तिची वहनशक्ति सेकंदास सुमारें १३३ मेगाबाइट, पण तीही सर्वांत मिळून. चित्रांचें काम वाढलें तसें ग्राफिक्स कार्ड त्या नळावरील सगळें पाणी एकटेंच ओढूं लागलें. म्हणून १९९७ च्या सुमारास त्याला ए.जी.पी. नांवाचें वेगळें दार काढून देण्यांत आलें. अखेर २००३ मध्यें पी.सी.आय. एक्स्प्रेस ही आजची पद्धति ठरली आणि प्रत्येक वस्तूस तिच्या स्वतःच्या लेन मिळाल्या. या घडणींत ज्यांचा मोठा वांटा आहे त्यांपैकीं एक अजय भट्ट, हे मूळचे बडोद्याचे आणि तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. ए.जी.पी., यू.एस.बी. आणि पी.सी.आय. एक्स्प्रेस या तिन्हींच्या निर्मितींत त्यांचें नांव घेतलें जातें. बडोद्याचें आणि आपलें नातें जुनें असल्यामुळें, ही गोष्ट ऐकून आपणांस आपल्याच आळींतला कोणी मोठा झाल्याचा आनंद व्हावा, हें स्वाभाविक आहे.

पी.सी.आय. एक्स्प्रेसच्या पुढें आवृत्त्या निघत गेल्या, आणि लेनची संख्या तीच ठेवून प्रत्येक आवृत्तींत वेग बहुधा दुप्पट झाला. पहिल्या आवृत्तींत एका लेनमधून एका दिशेनें सेकंदास २५० मेगाबाइट जात. २०१० च्या तिसऱ्या आवृत्तींत हा आंकडा सुमारें एक गिगाबाइट, २०१७ च्या चौथींत सुमारें दोन, आणि २०१९ च्या पांचवींत सुमारें चार गिगाबाइट झाला. म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या आठ लेन या तिसरीच्या सोळा लेनच्या बरोबरीच्या. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी; पुढें ती आपल्या उपयोगीं पडणार आहे.

मग अडचण कोठें आली? अडचण आली ती सांठवणीच्या बाजूनें. पूर्वींच्या फिरत्या चकतीच्या डिस्का मंद होत्या. त्यांच्यामागून आलेल्या, चकती नसलेल्या डिस्काही साटा नांवाच्या जोडणींतून सेकंदास सहाशे मेगाबाइटच्या पलीकडे जाऊं शकत नव्हत्या. त्यांना ग्राफिक्स कार्डाच्या रस्त्यावर येण्याचें कारणच नव्हतें. ते बैलगाडीचे प्रवासी. परंतु २०११ सालीं एन.व्ही.एम.ई. नांवाची नवी भाषा निश्चित झाली, आणि सांठवणीची पट्टी थेट पी.सी.आय. एक्स्प्रेसच्या लेनवर बोलूं लागली. चौथ्या आवृत्तीची चांगली पट्टी आज सेकंदास सात गिगाबाइट वाचते, पांचव्या आवृत्तीची दहांच्याही वर जाते. अशा प्रत्येक पट्टीस चार लेन हव्या असतात. कालपर्यंत जो मागल्या दारीं उभा रहात होता तो आतां पंक्तींत येऊन बसला, आणि पानें मात्र पूर्वीं होतीं तितकींच.

किती पानें आहेत तेंही पाहूं. ए.एम.डी. कंपनीच्या २०२२ पासूनच्या मेजावरील रायझन प्रोसेसरांत बहुधा अठ्ठावीस लेन असतात: सोळा ग्राफिक्स कार्डासाठीं, चार एका सांठवणीच्या पट्टीसाठीं, चार आणखी एका पट्टीसाठीं किंवा मदरबोर्ड करणाराच्या मर्जीप्रमाणें दुसऱ्या कामासाठीं, आणि उरलेल्या चार चिपसेटसाठीं. इंटेलच्या २०२१ मधील बाराव्या पिढींत ग्राफिक्सच्या सोळा पांचव्या आवृत्तीच्या, सांठवणीच्या चार चौथ्या आवृत्तीच्या, आणि चिपसेटकडे जाणारा रस्ता निराळा. चिपसेट म्हणजे प्रोसेसरचा हाताखालचा कारकून. साटा डिस्का, यू.एस.बी.चीं दारें, जाळ्याची जोडणी आणि कांहीं एम.२ खांचा हें सारें तो सांभाळतो, आणि सर्वांचा मिळून माल एका ठराविक रस्त्यानें प्रोसेसरकडे पाठवितो.

येथेंच आपला वाड्याचा दाखला लागू पडतो. प्रोसेसरच्या लेन ही वांटणी. चिपसेटच्या मागें जें आहे तें सामाईक.

आधीं वांटणीचें पाहूं. कित्येक मदरबोर्डांवर दुसरी लांब खांच किंवा एखादी एम.२ खांच अशी असते कीं, ती रिकामी आहे तोंवर सोळाही लेन ग्राफिक्स कार्डाच्या. तींत कांहीं बसविलें कीं त्यांतील आठ लेन तिकडे वळतात. हा निर्णय यंत्र सुरू होतांनाच होतो आणि बंद होईपर्यंत टिकतो. ती पट्टी दिवसभर स्वस्थ पडून राहिली तरी तिच्या लेन कार्डास परत मिळत नाहींत. मुंबईस गेलेल्या भावाच्या खोल्यांसारखें. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून चौदाव्या पिढीपर्यंत तर आणखी एक गंमत आहे. तेथें सोळांचे भाग पडतात ते आठ आणि आठ असेच. सांठवणीच्या पट्टीस हव्या असतात चार. म्हणजे कार्डाच्या आठ गेल्या, पट्टीनें चार वापरल्या, आणि चार कोणाच्याच उपयोगीं पडल्या नाहींत. ना धड तुला, ना धड मला! ए.एम.डी.च्या नव्या प्रोसेसरांत आठ, चार व चार असे भाग पाडतां येतात. मात्र मदरबोर्ड करणारानें तशी सोय ठेविलेली असली पाहिजे. इंटेलनेंही २०२४ च्या ऑक्टोबरांत आलेल्या पिढींत सांठवणीसाठीं पांचव्या आवृत्तीच्या चार लेन वेगळ्या दिल्या, तेव्हां हें भांडण पुष्कळसें मिटलें.

आतां मुख्य प्रश्न. कार्डाच्या सोळा लेनच्या आठ झाल्या म्हणजे त्याचें काम अर्ध्यावर येतें काय? ऐकणारास तसें वाटतें, आणि माझ्या भाच्यासही तसेंच वाटलें. परंतु तसें होत नाहीं. ग्राफिक्स कार्डास स्वतःची स्मृति असते. लागणारा माल तें एकदां रस्त्यानें घरीं आणून ठेवतें आणि मग घरांतल्या घरांत काम करतें. महिन्याचें धान्य एकदां भरलें म्हणजे बाजाराचा रस्ता रुंद कीं अरुंद, यानें रोजच्या स्वयंपाकास फारसा फरक पडत नाहीं. चौथ्या आवृत्तीच्या सोळांऐवजीं आठ लेन दिल्या तर खेळांच्या वेगांत सरासरीनें दोनतीन टक्क्यांहून अधिक घट सहसा दिसत नाहीं.

चित्रपटाच्या जुळणीचा हिशेब तर आपल्याला घरबसल्या करतां येईल. ज्यास फोर के म्हणतात त्या एका चित्रांत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारें त्र्यांशी लाख बिंदु असतात. प्रत्येक बिंदूस सढळ हातानें आठ बाइट धरले तर एक चित्र सुमारें ६६ मेगाबाइटांचें झालें. सेकंदास अशीं पंचवीस चित्रें, म्हणजे पावणेदोन गिगाबाइटांहूनही कमी. चौथ्या आवृत्तीच्या आठ लेनची वहनशक्ति एका दिशेनें जवळजवळ सोळा गिगाबाइट आहे. म्हणजे जराही न आवळलेलें चित्रण अखंड वाहूं दिलें तरी रस्त्याचा एक दशमांशच काय तो भरतो. मग अर्धा रस्ता गेला म्हणून रडावयाचें कारण काय?

तरी याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहींत तर माझें सांगणें अर्धवट राहील. कार्डाची स्मृति अपुरी पडली म्हणजे त्यास घडोघडीं बाजारांत धांवावें लागतें, आणि मग रस्त्याची रुंदी टोंचूं लागते. २०२२ च्या जानेवारींत निघालेलें ए.एम.डी.चें रेडिऑन ६५०० एक्स.टी. हें याचें प्रसिद्ध उदाहरण. त्याची स्मृति चार गिगाबाइटांची आणि लेनही चारच. चौथ्या आवृत्तीच्या यंत्रांत तें कसेंबसें निभावत असे. पण तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या यंत्रांत बसविलें कीं त्या चार लेनची शक्ति निम्मी होई आणि कित्येक खेळांत तें ठळकपणें मागें पडे. दुर्दैव असें कीं, स्वस्त कार्ड घेणारांकडेच जुनीं यंत्रें अधिक असतात. तसेंच कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोठा नमुना कार्डाच्या स्मृतींत मावला नाहीं, किंवा दोनतीन कार्डें मिळून एकच गणित करीत असलीं, तर तेथें प्रत्येक लेनची किंमत असते.

आतां सामाईकाकडे वळूं. येथें नुकसान वेगळ्या प्रकारचें होतें, आणि तें लवकर ध्यानांत येत नाहीं. समजा, चिपसेटमागील दोन एम.२ खांचांत दोन वेगवान पट्ट्या बसविल्या. प्रत्येकीचा वेग वेगळा मोजला तर उत्तम भरतो, आणि आपण समाधान मानतों. परंतु दोहींतून एकाच वेळीं चित्रण वाचावयास घेतलें कीं दोघींची धार बारीक होते. २०२० मधील ए.एम.डी.च्या बी ५५० जातीच्या चिपसेटाचा प्रोसेसरकडे जाणारा रस्ता तिसऱ्या आवृत्तीच्या चारच लेनांचा आहे. म्हणजे त्यामागील सर्वांस मिळून सेकंदास चार गिगाबाइटही नाहींत. सात गिगाबाइटांची पट्टी त्याच्यामागें लावणें म्हणजे सहा पदरी रस्ता बांधून शेवटीं बोळांत सोडणें होय. यू.एस.बी. आणि जाळ्याचा माल त्याच बोळांतून जातो तो निराळाच.

आणि याच सामाईकांत एक तिसरा, कठोर प्रकारही असतो. चिपसेटच्या कांहीं लेन अशा असतात कीं, त्या एक तर एम.२ पट्टीस द्याव्या, नाहीं तर साटा डिस्कांस. दोघांस थोडें थोडें देणें तेथें नाहीं. खुर्ची एक आणि बसणारे दोन. पट्टी येऊन बसली कीं डिस्कला उठावें लागतें. उठावें लागतें म्हणजे यंत्रास ती दिसतच नाहीं. तिच्यावरील अक्षरही पुसलेलें नसतें; तिच्या दाराला तेवढी कडी लागलेली असते.

भाच्याचा दूरध्वनि आला तेव्हां मला ही शंका होतीच. मीं त्यास विचारलें, "मदरबोर्डाबरोबर आलेली पुस्तिका कोठें आहे?"

"कपाटांत असेल. ती कोण वाचतो, मामा?"

"आज तूं वाचशील. डिस्कला हात लावूं नको, आणि यंत्रानें तिच्याविषयीं कांहीं विचारलें तर होकार देऊं नको. प्रथम पुस्तिका काढ, आणि एम.२ खांचांचें कोष्टक शोध."

पानें उलटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. कोष्टकाच्या खालीं बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिलीचा आशय असा कीं, दुसऱ्या खांचेंत पट्टी बसविल्यास ग्राफिक्सची खांच आठ लेनवर चालेल. दुसरीचा असा कीं, तिसऱ्या खांचेंत पट्टी बसविल्यास साटाचीं पांचवें आणि सहावें हीं दोन दारें बंद होतील. आजीची डिस्क सहाव्या दारास जोडलेली होती. यंत्र बंद करून, वीज काढून, त्यानें ती तार पहिल्या दारास लावली आणि यंत्र पुनः सुरू केलें.

बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग दूरध्वनींतून जात्याची घरघर ऐकूं आली, आणि तिच्यावर मातोश्रींचा आवाज. आम्ही दोघेही तें ऐकत राहिलों. दुकानांतला सल्ला मानून ती डिस्क त्यानें रद्दींत टाकली असती, तर कोणत्याही वेगवान पट्टीनें तें परत आणून दिलें नसतें. त्याच रात्रीं त्या सर्व ओव्यांच्या दोन प्रती त्यानें केल्या, आणि एक माझ्याकडे पाठविली. जी वस्तु एकाच ठिकाणीं आहे ती आपली म्हणूं नये, हा धडा आम्ही दोघेही उशीरा शिकलों, पण शिकलों.

कार्ड मात्र त्यानें आठ लेनवरच राहूं दिलें. एकच माहितीपट दोन्ही रीतींनीं पुरा करून त्यानें पाहिला. फरक सांगण्याजोगा नव्हता. दुसरा बदल त्यानें केला तो अधिक मोलाचा. ज्या पट्टीवरून रोज चित्रण वाचावयाचें ती प्रोसेसरच्या स्वतःच्या चार लेनच्या खांचेंत आणली, आणि तेथें बसलेली जुनी, मंद पट्टी चिपसेटच्या मागें पाठविली. कमावत्या माणसास रस्त्यालगतची खोली द्यावी आणि क्वचित् येणाऱ्यास आंतली, इतकाच त्यांतला व्यवहार.

ज्यांस याहून अधिक पाहिजे त्यांच्यासाठीं उपाय आहेत, पण ते समजून घ्यावे. एकाच लांब खांचेंत बसणारें, चार पट्ट्या धारण करणारें कार्ड मिळतें. तें साधें असेल तर मदरबोर्डानें त्या खांचेच्या सोळा लेन चार चार अशा वांटून दिल्या पाहिजेत. बायोसमध्यें तशी सोय नसेल तर चारांपैकीं एकच पट्टी दिसते आणि माणूस उरलेल्या तिन्ही सदोष समजून परत करावयास निघतो. कांहीं महाग कार्डांवर स्विच नांवाची चिप असते. ती वाहतुकीच्या शिपायासारखी उभी राहून ज्यास गरज त्यास रस्ता मोकळा करून देते. थोडक्यांत, ती वांटणीचें सामाईक करते. २०२३ च्या नोव्हेंबरांत आसुस कंपनीनें एक निराळीच युक्ति केली. आर.टी.एक्स. ४०६० टी.आय. हें ग्राफिक्स कार्ड सोळा लेनच्या खांचेंत बसतें, पण स्वतः आठच लेन वापरतें. उरलेल्या आठ व्यर्थ जातात हें पाहून, कंपनीनें त्याच कार्डाच्या पाठीवर सांठवणीच्या पट्टीची जागा केली. पट्टीस लेनही मिळाल्या आणि कार्डाच्या पंख्याचा गारवाही. कुलूप लागलेली खोली उघडून देण्याचा हा प्रकार. मात्र त्यालाही मदरबोर्डाची लेन वांटण्याची संमति लागतेच. आणि ज्यांचा धंदाच मोठा, त्यांच्यासाठीं मोठा वाडाच आहे: ए.एम.डी.चा थ्रेडरिपर प्रोसेसर २०१७ मध्यें निघाला तेव्हांच त्यांत चौसष्ट लेन होत्या. किंमतही अर्थातच वाड्याची.

शेवटीं, आपणांपैकीं कोणी घरच्या मुलांसाठीं किंवा स्वतःच्या कामासाठीं यंत्र घेणार असतील, त्यांस चार गोष्टी सांगून मी आटोपतों. पहिली ही कीं, मदरबोर्ड घेण्यापूर्वींच त्याची पुस्तिका पाहावी. ती बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिच्यांतील खांचांचें कोष्टक आणि त्याखालची बारीक अक्षरें हीं दोनच पानें वाचलीं तरी पुरे. दुसरी, खांच लांब आहे म्हणून तिच्यांत सोळा लेन आहेत असें समजूं नये. कित्येक लांब खांचांच्या पोटांत चारच असतात. तिसरी, कार्ड आठ लेनवर आलें म्हणून घाबरूं नये. त्याची स्मृति आपल्या कामास पुरते कीं नाहीं हें पाहावें, आणि पैसे वाढवावयाचे तर तेथें वाढवावे. चौथी, कार्ड किती लेनवर चालतें हें जी.पी.यू.-झेडसारख्या प्रोग्रॅमांत दिसतें. पण तें कार्डास कांहीं काम देऊन पाहावें, कारण स्वस्थ बसलेलें कार्ड वीज वांचविण्यासाठीं आपल्या लेनचा वेग स्वतःच उतरवून ठेवतें आणि पाहणारास उगाच बिघाडाचा भास होतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपले वडील सांगत आले. या यंत्रांच्या बाबतींत अंथरूण किती हें कोणी लपवून ठेविलेलें नाहीं. तें छापलेलें असतें, फक्त बारीक अक्षरांत. तीं अक्षरें वाचण्यास दहा मिनिटें लागतात. आमच्या घरीं तीं दहा मिनिटें वाचलीं गेलीं म्हणून एका आईचा आवाज राहिला. आपल्या घरीं असा प्रसंग न येवो. आणि आला, तर घरांतली डिस्क टाकण्यापूर्वीं तिची तार दुसऱ्या दारास लावून पाहण्याची आठवण आपणांस राहो.